सात नंबरच्या पिंजऱ्यातले डोळे

एदेल्मिरा बाराओना उंदरांना पिंपात बसवायची आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहायची. हेच तिचं काम होतं. वाल्पाराइसोच्या विद्यापीठात, तळघरातल्या खोलीत, ते तिने सव्वीस वर्षं केलं.

पिंप कमरेइतकं उंच. आतून काळे-पांढरे उभे पट्टे. मधोमध एक नळी, नळीत उंदीर, डोकं तेवढं बाहेर. पिंप सावकाश फिरायचं. उंदराला दिसत असेल तर त्याचा डोळा पट्ट्याबरोबर सरकत जायचा, कडेला पोचला की झटकन मागे यायचा आणि पुढचा पट्टा धरायचा. हे उंदराला शिकवावं लागत नाही. त्याला ते थांबवताही येत नाही. आंधळ्या उंदराचा डोळा मात्र जागचा हलत नाही.

दिसणाऱ्या उंदरापुढे ती वहीत एकच शब्द लिहायची. सीगे. म्हणजे मागे जातो, पट्ट्यांच्या मागे जातो. न दिसणाऱ्यापुढे, नाही.

पण सीगे हा शब्द तिकडे दिवसभर सगळ्यांच्याच तोंडात असतो. आई कशी आहे? सीगे. म्हणजे चाललंय, आहे तशीच आहे. पिंजऱ्यांतल्या उंदरांच्या तब्येतीची नोंदही एदेल्मिरा त्याच वहीत करायची आणि तिथेही सीगेच लिहायची. कधी घोळ झाला नाही. वही तीच लिहायची आणि वाचूनही तीच दाखवायची.

अन्सेल्मो तिचा धाकटा भाऊ. दोघंही एकटी, एकाच घरात राहणारी. तो ट्रॉलीबस चालवायचा. आधी त्याला अंधारात दिसेना. मग नजरेच्या कडा गेल्या. राहिलं ते नळीतून पाहिल्यासारखं, आणि ती नळीही बारीक होत चालली. सात नंबरच्या पिंजऱ्यातल्या चार उंदरांना तोच आजार होता. त्यांची नजर तर कधीच गेली होती. डॉक्टर इतुरा त्यांच्या डोळ्यांत नवं औषध टोचत होत्या.

"काय म्हणतात माझे भाऊबंद?" संध्याकाळच्या चहा-पावाला अन्सेल्मो रोज विचारायचा.

"खातात, झोपतात. तुझ्यासारखेच."

"म्हणजे त्यांच्यावरही ओरडत असशील."

"ते बशीत राख झाडत नाहीत."

बसमध्ये लोकांचे डोळे पाहायची तिला खोड लागली होती. खिडकीबाहेर खांब मागे पळतात. माणसाचा डोळा खांबाबरोबर जातो, झटक्यात परत येतो, पुढचा खांब धरतो. कुणाला पत्ता नसतो. गेल्या वर्षी एकदा अन्सेल्मो खिडकीशी बसला होता. त्याचे डोळे जागचे हलत नव्हते. "समुद्र आज काय निळा दिसतोय," तो म्हणाला. बाहेर दाट धुकं होतं. एदेल्मिरा काही बोलली नाही. त्या दिवसानंतर तिला झोपेत पट्टे दिसू लागले. पट्टे फिरत असायचे आणि मधल्या नळीत कोण आहे ते दिसायचं नाही.

चार महिने वाट पाहिल्यावर अन्सेल्मोला पांढऱ्या काठीच्या वर्गात जागा मिळाली. वर्ग सोमवारी सुरू व्हायचा होता. तो कुरकुरत का होईना, तयार झाला होता.

आधीच्या गुरुवारी शेजारणीचा फोन आला. अन्सेल्मोने कपाऐवजी हातावरच उकळतं पाणी ओतलं होतं. सात नंबरची तपासणी तेवढी राहिली होती. उंदीर कालच्यासारखेच कोपऱ्यात बसलेले तिने पाहिले. वहीत घाईने सीगे लिहिलं आणि ती घरी धावली. आहेत तसेच आहेत, एवढंच तिला म्हणायचं होतं.

शुक्रवारी ती घरीच राहिली. दुपारी डॉक्टर इतुरांचा फोन आला.

"सेन्योरा एदेल्मिरा! सात नंबर! चारही पट्ट्यांच्या मागे जाताहेत! मी आत्ताच पाहिलं!"

डॉक्टरांनी पाहिली होती ती वही. एदेल्मिराला वाटलं, त्यांनी उंदीर पाहिले. फोनमधला आवाज स्वयंपाकघरभर ऐकू येत होता. अन्सेल्मो पट्टी बांधलेला हात धरून बसला होता.

"चारही?" त्याने विचारलं.

"चारही."

तो चाचपडत उठला आणि त्याने वर्गाला फोन लावला. "माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. मला गरज पडेलसं वाटत नाही." एदेल्मिरा दारात उभी होती. तिने ऐकलं आणि त्याला थांबवलं नाही.

सोमवारी तिने वही उघडली. गुरुवारच्या पानावर तिचंच अक्षर होतं. शुक्रवारचं पान कोरं.

म्हणजे डॉक्टरांनी उंदीर नव्हे, गुरुवारचं पान पाहिलं होतं. तिने सात नंबरचा पहिला उंदीर नळीत बसवला, पिंप चालू केलं आणि भिंग धरलं. डोळा हलला. अगदी नीट सरकला. सीगे लिहायला तिने पेन उचललं.

आणि मग तिला स्वतःचंच बोलणं आठवलं. नव्या विद्यार्थ्यांना ती पहिल्या दिवशी दटावायची, "पट्ट्यांकडे बघू नका रे. फिरतो तुमचा डोळा आणि तुम्हाला वाटतं उंदराचा फिरला." तिने काळ्या कागदाची सुरळी केली, पट्टे झाकले जातील अशी भिंगाला लावली आणि पुन्हा पाहिलं.

डोळा स्थिर होता. काळा, ओला, मण्यासारखा. तिने पिंप उलटं फिरवलं. स्थिर. दुसरा उंदीर. तिसरा. चौथा. शेवटी दोन नंबरचा धडधाकट उंदीर बसवला. त्याचा डोळा सरकला, झटकन मागे आला, पुन्हा सरकला.

वहीत तिने चार वेळा नाही लिहिलं आणि ती जिना चढून वर गेली.

"पण तुम्ही सीगे लिहिलंत," डॉक्टर म्हणाल्या.

"तसेच आहेत, म्हणून लिहिलं. मी तपासलंच नव्हतं."

डॉक्टर खुर्चीत बसल्या. "मी सान्तियागोच्या वरिष्ठांना कळवून बसलेय हो."

"मी भावाला सांगितलंय," एदेल्मिरा म्हणाली.

परतताना बस भरलेली होती. जो तो खिडकीबाहेर पाहत होता. सगळ्यांचे डोळे सरकत होते, झटकत होते. ती पायाशी पाहत बसली. तिथेही तिला चार काळे मणी दिसत राहिले. ते तिच्याकडे पाहतही नव्हते.

अन्सेल्मोने दाढी केली होती. हनुवटीखाली कापलं होतं.

"विचारलंस का, माणसांना कधी देणार ते?"

"अन्सेल्मो, मी चुकीचं लिहिलं."

तिने सगळं सांगितलं. शब्द कसा लिहिला, तो कसा वाचला गेला, सुरळीतून काय दिसलं. काहीच गाळलं नाही. तो पावाचा तुकडा बोटांनी चुरत राहिला.

"एकालाही नाही?"

"एकालाही नाही."

तो हसला. ते हसणं तिला ऐकवेना. "सव्वीस वर्षं उंदरांची नजर तपासलीस, आणि तुला साधं लिहिता येत नाही."

"नाही येत."

"आणि मी इथे काठी नको म्हणून सांगून बसलोय. तू उभी होतीस ना तिथे?"

"होते. मला वाटलं तुला दिसेल. मला तसंच वाटून घ्यायचं होतं." मग तिच्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी बसमध्ये समुद्र निळा नव्हता. धुकं होतं."

"तुला तेव्हापासून ठाऊक आहे?"

"तुझे डोळे हलत नव्हते."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

तो उठला, भिंत धरत खोलीत गेला. दोन दिवस त्यांच्यात एक शब्द झाला नाही.

गुरुवारी त्याने स्वतःच वर्गाला फोन केला. जागा गेली होती. पुढचा वर्ग मार्चमध्ये. त्याने नाव पुन्हा लिहून घ्यायला सांगितलं.

"मार्चपर्यंत तुझं कोपर लागेल," तो म्हणाला.

"धर."

"पण मला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही. पायरी आली तर पायरी म्हण. खड्डा आला तर खड्डा म्हण. नसेल तर गप्प राहा."

"बरं."

ते घराबाहेर पडले. त्यांच्या गल्लीतून खालच्या रस्त्याला लांबच लांब जिना उतरतो. कडा झिजलेल्या, पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या. ती लहानपणापासून तो धावत उतरत आलेली. अन्सेल्मोने तिचं कोपर घट्ट धरलं. ऊन लख्ख होतं आणि समोर पहिली पायरी स्पष्ट दिसत होती.

तरी तिने आधी स्वतःचा पाय पुढे टाकून कड चाचपली.

मग म्हणाली, "पायरी."