कानातल्या सिस्टर

आमच्या शिवणशाळेच्या सिस्टरना मुली 'कानातल्या सिस्टर' म्हणतात. त्यांच्या अंगावर दागिना म्हणाल तर गळ्यातला क्रूस, तोही लाकडी. नाव पडलं ते वेगळ्याच कारणानं. एखादीचं चुकलं की सिस्टर तिच्या मशीनपाशी जातात, वाकून कानात एकच वाक्य बोलतात आणि पुढे सरकतात. शेजारणीलाही पत्ता लागत नाही. कुणाचं छान जमलं तर मात्र सगळ्या खोलीला ऐकवतात.

मी तिथे कापणी शिकवते. माझी जीभ माझ्या कात्रीहून धारदार आहे, हे मुलीच सांगतील. एकदा वैतागून मी विचारलं, "सिस्टर, जरा मोठ्यानं रागावलात तर काय बिघडेल?"

त्या हसल्या. "बाई, आपण आपली पापं फादरच्या कानातच सांगतो ना? देव काही ती चौकात पुकारत नाही. मग पोरींच्या चुका आपण कशाला पुकारायच्या?"

मी आपली कात्री उचलून परत कापडाकडे वळले.

तर अशा सिस्टरना नव्या मॅनेजरसाहेबांनी भर वर्गातून वर बोलावून घेतलं. त्यांचं ऑफिस बरोबर आमच्या डोक्यावर, आणि आवाज असा की खाली शब्द न् शब्द ऐकू यावा. "लाडावून ठेवल्यात पोरी! धाक नाही, शिस्त नाही! शाळा आहे की माहेर?" अहो, माहेर असेल तर बिघडलं कुठे? यातल्या कितीजणींना दुसरं माहेर आहे? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तरातरा जिन्यापाशी गेले, पण वरून सिस्टरचा आवाज काही येईना, म्हणून कान देऊन तिथेच थांबले.

इकडे कापणीच्या टेबलाशी घुमी होती. आईबाप नाहीत, मामीकडे वाढलेली. घरात तोंड उघडत नाही म्हणून मामीनंच ठेवलेलं हे नाव. चर्चच्या गायनवृंदासाठी झगे शिवायचे होते, आणि त्यांच्या बाह्या सिस्टरनी विश्वासानं तिच्याकडे दिल्या होत्या. सॅटिनला चमक एकाच बाजूला. कापडाचे थर लावताना चमकेला चमक भिडवावी लागते, तेव्हा कुठे एक बाही डावी निघते आणि एक उजवी. हिनं सगळे थर चमक वर करून लावले आणि कात्री चालवली. झालं! सगळ्या वृंदाला दोन्ही हात डावे.

नेमके तेव्हाच साहेब सिस्टरना घेऊन खाली उतरले. टेबलावरच्या बाह्या पाहून त्यांना आयतंच कोलीत मिळालं. "बघा, हे तुमचं प्रेम! उद्यापासून ही मुलगी इथे नको."

मामी तर टपूनच बसली होती. तिला फुकटची मोलकरीण हवी होती. घुमी एकदा घरी बसली की तिला कुणी पुन्हा बाहेर पडू देणार नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. घुमीलाही.

"तिला माफी तरी मागू द्या," सिस्टर म्हणाल्या.

"मागू दे की. सगळ्यांसमोर, मोठ्यानं."

"आमच्याकडे माफी कानात मागतात, साहेब."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. सगळी मशीनं थांबली होती. शेवटी त्रासिक चेहऱ्यानं ते वाकले. घुमी टाचा उंचावून बोलली. घाबरल्यामुळे तिची कुजबुज एवढी मोठी झाली की मला स्वच्छ ऐकू आली.

"साहेब, माझं चुकलं. वर तुम्ही सिस्टरना ओरडत होता, ते इथं ऐकू येत होतं. अगदी आमच्या मामीसारखं. माझं डोकंच चालेना. इथं कुणी तसं बोलत नाही, म्हणून तर मी येते."

साहेब थोडा वेळ वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले, आणि घुमीकडे न बघताच पुटपुटले, "जा, बस मशीनवर." एवढं बोलून जिना चढून गेले.

एवढंच! सिस्टरना 'चुकलो' असा एक शब्द नाही, साधी मानही झुकवली नाही. मी भडकलेच. "सिस्टर, माफी खरी कुणी मागायला हवी होती? मी आत्ता वर जाते आणि त्यांना चांगलं..."

सिस्टर माझ्याजवळ आल्या आणि माझ्या कानाशी वाकल्या.

"बाई, जाताना साहेब हळू बोलले की नाही?"