बैलाच्या घंटेचा धडा

नपेयोकबाईंना शांत वर्ग सहन व्हायचा नाही. फळ्यावर लिहायचं आणि पोरांनी मुकाट उतरवून घ्यायचं, याला त्या मढ्यांची शाळा म्हणत. त्यांच्याकडे एक जुना फोन होता, मुठीत मावणारा स्पीकर होता आणि चार्जिंगला पत्र्यावर टाकलेली सौर पाटी. एवढ्या भांडवलावर त्यांनी तुर्काना आणि पोकोट या दोन वैरी जमातींच्या मुलांची ती एकत्र शाळा गाजती ठेवली होती. बाहेर दोन्हीकडचे बाप एकमेकांची जनावरं पळवत, माणसं पाडत. आत त्यांचीच पोरं एका बाकावर बसून, स्पीकरमधून गाढव ओरडलं की उंट, यावर भांडत. ओळखेल त्याने फळ्यावर नाव लिहायचं. सुट्टीत फोन आळीपाळीने घरी न्यायचा आणि नवे आवाज भरून आणायचे.

चेपोसैत नावाच्या पोकोट मुलीने आजीचा खोकला आणला, दळणाची घरघर आणली आणि वडिलांच्या लाडक्या बैलाची घंटा आणली.

घंटा वाजली तसा मागच्या बाकावरचा तुर्काना पोरगा लोमुलेन ताडकन उठला. "बाई, हा आमचा बैल! ही घंटा माझ्या बापाने ठोकलीय!"

तिथे घंटा घरोघरी ठोकून बनवतात आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा. लोमुलेनचा बाप पोकोटांनी पळवलेल्या याच बैलामागे धावताना गोळी लागून मेला होता. बाई स्वतः तुर्काना, या घंटांमध्येच वाढलेल्या, तरी घंटेवरून बैल ओळखला जाईल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. शिकवण्याच्या नादात माणूस बहिरा होतो, तो असा.

पोरगा खिडकीतून उडी टाकून घरी पळाला. जेवणाच्या सुट्टीआधी तीन बंदूकवाले वर्गात घुसले. पुढे होता एकिदोर, बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. लोमुलेनचा मेलेला बाप त्याचा जिवाभावाचा दोस्त.

"घंटा कुणी आणली, ताई?"

"मीच. बाजारात भरून घेतली. आणि शाळेत बंदूक आणायला लाज नाही वाटत?"

"लहानपणापासून तुला धड खोटं बोलता येत नाही. पोरगी दाखव. तिच्या बापाला तिचं मढं पाठवतो."

"नाही दाखवत. जा."

त्याने बंदुकीचा दस्ता बाईंच्या तोंडावर हाणला. दोन दात तुटून जमिनीवर पडले. पोरं बाकांखाली शिरली. बाई रक्त थुंकून पुन्हा त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, तसा त्याने दुसरा घाव घातला.

तेवढ्यात चेपोसैत रडत उठली. "बाईंना मारू नका. तो आमचा बैल आहे."

आमचा! त्या एका शब्दाने एकिदोरचं डोकं फिरलं. त्याने नेम धरला. बाईंनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी पकडून स्वतःकडे ओढली आणि बार उडाला. उजवा खांदा फुटला. हाडाचा चुरा आणि रक्त फळ्यावर उडालं.

तिघेही भूत पाहिल्यासारखे मागे सरले. मारहाण वेगळी, पण इथे सख्ख्या बहिणीला गोळी लागली होती. त्यांच्या वस्तीत असा माणूस विटाळलेला. जखमीच्या संमतीने बोकड कापून शुद्धी होईपर्यंत त्याने बंदुकीला हात लावायचा नाही, आणि त्याच्यामागे कुणी लढायला जायचं नाही.

बाई वाचल्या. डाव्या हाताने लिहायला शिकल्या, आणि स्पीकर पुन्हा वाजू लागला. चेपोसैत परत पहिल्या बाकावर बसली. एकिदोर बोकड घेऊन आला, बाईंनी परत पाठवला. पुन्हा आला, पुन्हा परत.

मग पोकोटांनी त्याच्या वाड्यावर धाड घातली. एकिदोर हातात काठी घेऊन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर थोरल्या मुलाचं पोट फाडलं गेलं.

मुलाला पुरून तो थेट शाळेच्या दारात आला. बोकडाची दोरी हातात, कपड्यांवर अजून मुलाचं रक्त.

"ताई, आता तरी हो म्हण. तुझ्याच मांडीवर खेळलाय तो."

बाईंना रडू आवरेना. त्याच भाच्याला त्यांनी अक्षरं शिकवली होती. भावाचं तोंड पाहून काळीज तुटत होतं. त्यांनी डाव्या हाताने त्याच्या चेहऱ्यावरची माती पुसली.

"शुद्ध झालास की कुठे जाशील, एकिदोर?"

त्याची नजर बाईंना ओलांडून पहिल्या बाकावर गेली.

"बोकड परत ने," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वर्गाचं दार लावून घेतलं.