पांगाऱ्याचे मासे

बाबा गेले तेव्हा मी माहेरी होते. भाचीच्या साखरपुड्यासाठी म्हसळ्याकडे गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भावाच्या माळ्यावर बसून पांगाऱ्याच्या फांद्या निवडत होते. बाबा म्हणजे माझे सासरे. मी माहेरी निघाले की ते बाकी काही सांगत नसत. "येताना लाकूड आन गो," एवढंच. भाऊ कुंपणाचा पांगारा तोडून वर्षभर माळ्यावर वाळवायचा, तो त्यांच्यासाठीच. खालून भावजयीने हाक मारली, फोन आहे म्हणून. आमचे हे बोलत होते. "बाबा गेले. चहा घेतला, पडवीत बसले आणि..." मी माळ्यावरून उतरले ती हातातली फांदी घेऊनच. एसटीत बसले तेव्हाही ती मांडीवर होती. कंडक्टरने विचारलं, "मावशी, ही काठी कुनाला मारायला?" मी ती पदराखाली घेतली. घरी पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं. फांदी कुठं ठेवावी कळेना, म्हणून मी ती बाबांच्या उशाशी ठेवली. बंदरावरच्या माणसांना त्या फांदीचा अर्थ सांगावा लागत नाही.

बाबा लाकडाचे मासे करायचे. शोभेचे नव्हेत, खरे मासे धरण्यासाठी. होडी चालू असताना मागं दोरी सोडायची, दोरीच्या टोकाला हा वीतभर लाकडी मासा. पाण्यात तो अशा चालीनं जातो की सुरमईला, खाडीच्या तोंडावर जिताड्याला तो खरा वाटतो. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ. ते कोयतीनं तासायचं, कानशीनं घासायचं, पोटात खाच पाडून जाळ्याच्या जुन्या शिशाची पट्टी बसवायची, तोंडापासून शेपटीपर्यंत तार ओवायची, तिला गळ अडकवायचे. हनुवटीला जर्मनच्या, ॲल्युमिनियमच्या जुन्या ताटलीचा तुकडा, म्हणजे पाणी लागलं की मासा डोकं हलवतो. डोळ्यांना गुंजा. वरून उंडीच्या बियांच्या तेलाचे हात आणि मग रंग. बाबा हे त्यांच्या वडलांकडून शिकले. आता शहरातली माणसं गाडीतून येतात, त्यांच्याकडे प्लास्टिकचे चकचकीत मासे असतात. तरी आमच्या बंदरावरच्या होड्यांतून अजून बाबांचेच मासे जातात.

बाबा मासा विकत नसत. हंगामापुरता द्यायचे. पावसाळ्याआधी होड्या वर ओढल्या की ज्यानं त्यानं आपला मासा आमच्या घरी परत आणून द्यायचा, कारण मासा करण्याइतकंच तो जपणं अवघड आणि ते जपणं फक्त बाबांना जमायचं. त्यासाठी त्यांनी बांबूच्या नळ्या कापून ठेवलेल्या. एका माशाला एक नळी. गळ काढून तेलाच्या बरणीत टाकायचे, मासा गोड्या पाण्यात धुऊन आठ दिवस सावलीत वाळवायचा, नळीच्या तळाशी चिमूटभर चुलीची राख, वर मासा, तोंडाला कापडाचा बोळा. प्रत्येक नळीवर त्या त्या होडीची खूण. चुलीच्या वरच्या वाशाला या नळ्या ओळीनं टांगलेल्या असायच्या. ओळीच्या शेवटी एक नळी कायम रिकामी. ती पुढच्या माशाची.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या गावात शाळा चौथीपर्यंत, तेवढी मी शिकले. घर बंदरावरचं, म्हणजे सुनेनं बाजारात टोपली घेऊन बसायचं. पण मला गिऱ्हाइकाशी बोलता यायचं नाही. बाई भाव पाडून मागायची आणि मी मान खाली घालून मासा देऊन टाकायची. सासूबाई चिडायच्या. "हिच्या तोंडात जीभ हाय का सुका बोंबील?" असं साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणायच्या, आणि शेजारच्या बायका हसायच्या. शेवटी त्यांनीच मला घरी बसवलं, मासळी सुकवायला. तेव्हा मला फार लाज वाटली. माझा काही उपयोग नाही असं वाटायचं.

काहीतरी करून दाखवावं म्हणून मी एक चूक केली. पहिल्याच वर्षी पावसाच्या तोंडावर होड्यांचे मासे परत आले. बाबा दोन दिवस तापानं पडून होते. पडवीत माशांचा ढीग, त्यांवर खारट पांढरी पुटं. मला वाटलं आपण आवरून ठेवू, सासरे खूश होतील. मी ते सगळे साबणानं घासले, पुसले आणि गळांसकट नळ्यांत घातले. बोळे गच्च बसवले. एक नळीही उघडी राहिली नाही याचा मला आनंद झाला होता. नारळी पुनवेला बाबांनी पहिली नळी उघडली तर मासा निघेना. दुसरी, तिसरी... लाकूड फुगलेलं, गळ गंजून बांबूत रुतलेले, रंगाचे पापुद्रे. नळ्या फोडून काढल्या तेव्हा आतून बुरशीचा वास आला. साऱ्या बंदराचे मासे गेले होते. होड्या दोन दिवसांत पाण्यात जायच्या होत्या. मी दारामागं उभी होते. सासूबाई बोलल्या ते लिहीत नाही. बाबा फुटलेल्या नळ्यांकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "लाकूड उपाशी ठेवलं तर जगतं गो, वलं ठेवलं तर मरतं. ये हिकडं. जेवढे मारलेस तेवढे आता माज्यासंगं बसून करायचे."

तो दंड होता, की मला हात द्यायचा होता, ते मी कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर पडवीत बसू लागले. आधी घासणं, मग तेल, मग रंग. तीन वर्षांनी कोयती हातात दिली. मी पहिला मासा केला तो सरळ, देखणा, नाकासमोर पोहणारा. घरामागं खाडी आहे. भरतीचं पाणी आमच्या दगडी बांधाला लागतं. बाबा दोरी धरून बांधावरून चालायचे आणि मासा पाण्यातून ओढत न्यायचे, जशी पोरं गाडी ओढतात तशी. माझा मासा त्यांनी एकदा नेला, एकदा आणला आणि म्हणाले, "चुलीत घाल."

मी हिरमुसले. ते म्हणाले, "सरळ पवनाऱ्याला कोन खातं? समिंदरात लंगडत्यालाच धरतात. तुजा मासा लंगडला पायजे." मग राख दाखवली. "वाया न्हाय जात. ह्याच्या राखेवर बाकीचे निजतात."

असे माझे किती मासे चुलीत गेले ते मी मोजले नाहीत. वर्षानुवर्षं. दोघं समोरासमोर बसायचो, बोलणं फार नसायचं. त्यांना न बोलणारी सून चालायची आणि मला न बोलणारा सासरा. सासूबाई जाता-येता म्हणायच्या, "दोन मुके एका पडवीत. लाकडाचे मासे बोलतील यांच्याआधी." पुढं त्या गेल्या, तेव्हाही आम्ही दोघं तिथंच बसून होतो, त्या दिवशी बाबांनी कोयती हातात घेतली नाही, एवढाच फरक.

मग बाबांचे हात थरथरायला लागले. चहाची बशी वाजायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बाबांनी गोळ्यांची रिकामी चंदेरी पाकिटं टाकू दिली नाहीत. त्यांचे बारीक तुकडे कापून मी माशांच्या अंगावर खवल्यांसारखे चिकटवायचे, वरून व्हार्निश. "औषदाचा गुन माझ्यापरीस माशाला जास्त," असं म्हणून हसायचे. कोयती मात्र त्यांच्याकडून चालेना. आता तासायची मी, ते फक्त बघायचे आणि बांधावर चालून पारख करायचे. आणि त्याच पावसाळ्यात एकदा माझा मासा पाण्यातून काढून त्यांनी माझ्याकडे दिला, म्हणाले, "ठेव."

ठेव म्हणजे नळीत ठेव. त्यांच्या तोंडून याच्यापेक्षा मोठं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. पण मला आनंद झाला नाही. इतकी वर्षं चुलीत आणि नेमके हात गेल्यावर ठेव... मला वाटलं, म्हातारा माणूस, दुसरा इलाज नाही म्हणून चालवून घेतोय. बंदराला मासे तर द्यायला हवेत. पुढची दोन वर्षं माझा प्रत्येक मासा ठेव झाला, आणि दर वेळी तेच मनात यायचं. लोकांना ते बाबांचे मासे म्हणूनच जायचे. मीच बाबांना सांगितलं होतं, माझं नाव काढू नका. बाईच्या हातचा मासा म्हणून कुणी हसलं असतं तर मला ते सोसलं नसतं. पण खरंच तो मासा चांगला आहे का, हे बाबांना विचारायचं राहून गेलं. रोज मी त्यांच्यासमोर बसायचे, तरी विचारलं नाही.

बाराव्याच्या दिवशी धर्माकाका आले. बाबांचे जुने सोबती, एका होडीतले. जेवणं झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक मासा काढला आणि पुसून माझ्यापुढं ठेवला. मी ओळखला. माझा पहिला "ठेव". खवले गोळ्यांच्या पाकिटाचे, त्यावर दातांचे ओरखडेच ओरखडे. मी म्हणाले, "बाबांचा मासा आणलात, बरं केलंत."

धर्माकाका म्हणाले, "बाबाचा? अगो, ह्यो तुजा हाय ना?"

ते सांगू लागले. बाबांनी हा मासा त्यांना कुणी केला ते न सांगता दिला होता. वापर आणि सांग, इतकंच म्हणाले. धर्माकाका परत आले ते सांगायला, की हिरूबाबा, म्हातारपनी तुजा हात सुदारला, असा लंगडा तू उभ्या जल्मात केला न्हाईस. "तवा तो हसला बग. डोळ्यांत पानी येईपत्तुर हसला. म्हनला, हात माजा न्हाय, माज्या सुनेचा. पन तिला सांगू नगंस. लाजंल आणि उठून जाईल."

मी यांच्याकडे पाहिलं. हे पत्रावळी गोळा करत होते. विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"बंदरावर कुनाला म्हाईत नव्हतं ते इचार," हे म्हणाले. "हरेक होडीला मासा देताना बाबा सांगत, सुनेचा हाय, जपून वापर. आनि वर दम, घरात बोल्लास तर पुढल्या साली मासा न्हाय."

म्हणजे सगळ्या बंदराला ठाऊक होतं, मला सोडून. मी बंदरावर जात नाही, त्यामुळं त्यांचं गुपित दोन वर्षं टिकलं. मी आत गेले आणि चुलीपुढं बसून रडले. बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदा रडले, आणि ते दुःखानं नव्हतं. ज्या माणसानं मला एवढी वर्षं खोटं बरं म्हटलं नाही, तो माणूस माझ्या पाठीमागं बंदरभर माझं नाव घेत फिरत होता. अशा माणसाच्या घरात मी सून म्हणून आले, याचा मला आता फार अभिमान वाटतो. बाजारात मी बोलू शकले नाही, त्याचं मला आता काही वाटत नाही.

आता होड्या वर येताहेत. परवा सकाळी सात-आठ जण आपापले मासे घेऊन दारात आले आणि पडवीच्या पायरीशी थांबले. पुढं कुणी येईना. बाबांची जागा रिकामी बघून त्यांनाही कळेना. एकजण यांना म्हणाला, "यंदा काय करायचं? ज्याचा त्यानं घरी ठेवायचा काय?" हे माझ्याकडे बघू लागले. मला वाटलं, मी आता आत गेले तर यंदाच्या पावसात सगळे मासे दहा घरांत गंजतील, आणि पुढच्या वर्षी कुणी मागायलाही येणार नाही. मी पदर खोचला. "इथंच आणा," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. मग पहिल्यानं मासा पुढं केला तो गळासकट. माझ्या तोंडून आपसूक आलं, "गळ काढून आणा. लाकूड मारायचंय का?" तो दचकला, आणि मागचे सगळे हसले. एकजण म्हणाला, "बाबा हाय रे घरात."

मी माहेरून आणलेली ती फांदी अंत्ययात्रेच्या गडबडीत कुणीतरी पडवीच्या कोपऱ्यात उभी केली होती. महिनाभर तिला हात लावला नव्हता. त्या दिवशी दुपारी तिच्यातून मासा काढला. खवल्यांना बाबांच्या शेवटच्या पाकिटाचे तुकडे पुरले, शेपटीजवळ दोन कमी पडले, तेवढी जागा तशीच सोडली. काल भरती दुपारची होती. दोरी घेऊन मी बांधावरून चालत गेले, परत आले. मासा छान लंगडत होता. बांधावर कुणी नव्हतं तरी मी इकडंतिकडं पाहून घेतलं. मग म्हणाले, "ठेव."

सावलीत आठ दिवस वाळला की तो शेवटच्या, रिकाम्या नळीत जाईल. आज सकाळी मी बांबूचं एक नवीन पेर कापलं, आतून साफ केलं, तळाला राख घातली आणि वाशाला ओळीच्या शेवटी टांगलं. रिकामं.