म्हातारीचे डोळे

वरच्या खोलीला कुलूप लागून बरेच दिवस झाले. जिन्यावरून आता कुणी उतरत नाही, तरी रविवारी दुपारी माझा कान तिकडेच जातो.

आमचे मालक, म्हणजे मुलाचे वडील, सळयांचा ट्रक चालवतात. जालन्यातून माल भरून निघाले की कधी नाशिक, कधी पार सुरत. घरी येतात ते झोपायला. मुलगा पुण्यात कामाला आहे. गल्लीतल्या बायका दारात बसून बोलतात, मी त्यांच्यात फार बसत नाही. मला कुणाचा राग नाही, पण बोलायला लागले की घसा दाटतो. शाळेत चौथीपर्यंतच होते, तेव्हाही तसंच. बाई प्रश्न विचारायच्या, उत्तर मला येत असायचं, आणि मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहायचे.

वर भाड्याने एक मुलगी आली. परभणीकडची, इथे बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला. मला काकू म्हणायची. दर रविवारी तिच्याकडे तीन-चार जण यायचे आणि संध्याकाळपर्यंत हसण्याचे आवाज. मला वाटलं, पत्ते खेळतात. एकदा चिवडा द्यायला वर गेले तर टेबलावर चौकटी आखलेला मोठा कागद, त्यावर अंगठ्याएवढी प्लास्टिकची राखाडी माणसं, आणि कितीतरी बाजूंचे फासे. एक जण गोष्ट सांगत होता. नव्या जालन्यातल्या एका कापड दुकानवाल्यांचा तो मुलगा. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं झाले होते. पूल तुटलाय, तू काय करतोस, असं तो विचारायचा. ज्याला विचारलं तो सांगायचा, मी उडी मारतो. मग फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर उडी जमली. एवढी शिकलेली, कमावती पोरं असं खेळतात याचं मला नवल वाटलं, आणि मी दारात जरा जास्तच वेळ उभी राहिले.

पोळ्याच्या आधी मी घरचे मातीचे बैल रंगवत बसले होते. माझं माहेर परतूरकडे, कुंभाराचं. बैल रंगवायचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं. ती मुलगी ऑफिसातून आली, माझ्या हातातला काडीसारखा बारीक कुंचला बघत जिन्यावरच बसली.

"काकू, आमच्या खेळातली माणसं रंगवून द्याल का? मला जमत न्हाई. तोंडाच्या जागी नुसता डाग पडतो."

मी मान हलवली. ती रंगांच्या लहान बाटल्या खाली घेऊन आली. आपल्याकडच्या उन्हाने रंग ताटलीतच वाळतो, म्हणून ओलं फडकं अंथरून त्यावर कागद ठेवायचा आणि कागदावर रंग घ्यायचा, हे तिनेच मला शिकवलं.

त्या दुपारी कशा गेल्या कळलं नाही. एरवी जेवण झालं, भांडी झाली की घर नुसतं पसरलेलं असतं. आता खिडकीपाशी बसायचं, चष्मा लावायचा, एक माणूस हातात घ्यायचा. मसुराच्या डाळीएवढं तोंड. रंग लावताना श्वास धरावा लागतो. अंगरख्याच्या घडीत गडद रंग भरला आणि घडीच्या कडेला फिकट रेघ ओढली की कापड हलल्यासारखं दिसतं. कुणाच्या पायात फाटका जोडा, कुणाच्या कमरेला पिशवी. त्या पिशवीत काय असेल याचाही मी विचार करायचे. बोलावं लागत नाही आणि सोबत असते, अशी माणसं मला पहिल्यांदाच भेटली.

सगळी रंगवून झाल्यावर दिली. मुलीने फार कौतुक केलं. काही विचारलं मात्र नाही.

त्या रविवारी चहा घेऊन वर गेले तर खेळ काही वेगळाच चालला होता. सगळे गोष्टीत चाचपडत होते. एक म्हणाला, मी भिंतीला हात लावत पुढे सरकतो. दुसरी म्हणाली, मी ह्याचा सदरा धरते. माझ्या लक्षात येईना. तेवढ्यात कापडवाल्यांचा मुलगा म्हणाला, शाप लागून सगळ्यांचे डोळे गेलेत, आता उपाय शोधा.

मी एकाही माणसाला डोळे दिले नव्हते. मला येत नसतील असं समजून, माझं मन दुखू नये म्हणून, त्या पोरांनी आंधळेपण गोष्टीत घेतलं होतं.

आमच्या माहेरी डोळे आधी देत नाहीत. वडील परतूरच्या बाजारात बैल घेऊन बसायचे, सगळे रंगीत, पण डोळे कोरे. गिऱ्हाइकाने जोडी निवडली की वडील त्याला समोर उभं करायचे, बैलाचं तोंड त्याच्याकडे धरायचे आणि मग काळे टिपके द्यायचे. बैलाने पहिल्यांदा आपला धनी बघावा, म्हणून. गिऱ्हाइकं घाईत असायची, कुरकुरायची, तरी उभी राहायची. मला वाटलं, हे सगळीकडे असंच असतं. ही पोरं आपापलं माणूस घेऊन एकेक करून खाली येतील, म्हणून मी वाट बघत होते.

दारातच म्हणाले, "डोळे राह्यलेत. धनी समोर बसल्याबिगर देत न्हाईत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला पळून जावंसं वाटलं. मग त्या मुलीने सगळं विचारून घेतलं, आणि कापडवाल्यांच्या मुलाने गंभीर तोंड करून सांगितलं, "चला, उपाय घरमालकिणीकडंच निघाला. लाइनीत बसा."

एकेक जण समोर बसला. मी माणसाचं तोंड त्याच्याकडे करून टिपके दिले. नंतर असा नेमच झाला. कुणीही नवं माणूस आणलं की डोळ्यांसाठी माझ्याकडे यायचं.

दिवाळीनंतर त्या मुलीने मला एक माणूस आणून दिलं. काठी टेकून उभी असलेली एक म्हातारी. "ही तुमची. हिला घेऊन टेबलावर बसायचं."

मी तिला जांभळं लुगडं दिलं, काठीला शेंदरी दोरा रंगवला. डोळे राहिले. धनीण समोर बसायला हवी आणि टिपके दुसऱ्याने द्यायला हवेत. दुसरं कोण होतं? मालकांना सांगितलं असतं तर ते हसले असते. त्या मुलीला सांगायचं माझ्या जिभेवर यायचं आणि तिथंच राहायचं.

तरी एका रविवारी बसले. आंधळ्या म्हातारीला कागदावर ठेवलं. गोष्ट फिरत फिरत माझ्यापर्यंत आली.

"काकीजी, म्हातारी काय करून राह्यली?" कापडवाल्यांच्या मुलाने विचारलं.

म्हातारी काय करते ते मला ठाऊक होतं. ती झाडाखाली बसते आणि येणाऱ्याला वाट विचारते. पण मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. सगळे वाट बघत होते, घाई कुणी केली नाही. ते तर आणखीच जड. मी उठले आणि म्हणाले, नळ आला वाटतं.

आमच्याकडे नळ कित्येक दिवसांनी येतो. तो आला म्हटल्यावर कुणी बसून राहत नाही. मी जिना उतरते तोवर सगळे माझ्या मागे, कुणी बादली घेतली, कुणी घागर, एकाने ड्रम रिकामा करून नळाखाली आणला. नळ कोरडा. मी तोटी फिरवत राहिले.

कापडवाल्यांचा मुलगा बादली हातात धरून म्हणाला, "काकीजी, तुमचा नळ बी गोष्टीतलाच हाय का?"

सगळे हसले, वाईट हसू नव्हतं ते. पण त्यानंतर मी पुन्हा बसले नाही. चहा द्यायचे आणि दारातून ऐकायचे. म्हातारी खाली खिडकीत.

उन्हाळ्यात त्या मुलीची बदली हैदराबादला झाली. शेवटचा एक रविवार उरला. त्या सकाळी मी भांडी तशीच ठेवली. तिच्या खोलीत खोके बांधलेले होते. जिना चढताना सारखं मनात होतं की आज नाही बोलले तर ही म्हातारी आणि मी, दोघी अशाच राहणार.

"माझ्या म्हातारीला डोळे देशील का?"

तिने खोक्यावरची पट्टी तशीच सोडली आणि माझ्यासमोर बसली. म्हातारीचं तोंड माझ्याकडे धरलं. तिने श्वास धरला. एक डोळा बराबर आला, दुसरा जरा मोठा.

"बिघडला ना?"

"न्हाई. दिसतंय तिला."

दुपारी सगळे जमले, मीही बसले. गोष्टीत एका किल्ल्यातून पळून जायचं होतं. मागे काहीतरी लागलं होतं. मधला एक दरवाजा असा की सोडला की उघडतो आणि ते आत येतं. कुणीतरी आतून धरून ठेवला तरच बाकीचे सुटणार. कापडवाल्यांच्या मुलाने एकेकाला विचारलं. माझ्यापाशी येऊन तो थांबला आणि नजर दुसरीकडे वळवली, मला अवघड होऊ नये म्हणून.

"म्हातारी धरती," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला. "तिला तसंही कुठं जायचं न्हाई. तुम्ही निघा जल्दी."

मुलीने फासा माझ्या हातात दिला. मी टाकला. आकडा मोठा पडला. दरवाजा टिकला, सगळे बाहेर गेले, आणि अंधार पडायला लागला म्हणून गोष्ट तिथेच थांबली. म्हातारीचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही. परत येऊन तिला सोडवू, एवढंच म्हणाले.

मुलगी गेली. बाकीच्यांनी दुसरीकडे जागा शोधली असं ऐकलं, मग जमेना असंही ऐकलं. तिचा कधीमधी फोन येतो. मी बरी आहे म्हणते, ती पण बरी आहे म्हणते. मग आम्ही फोन ठेवतो.

परवा खणाचं कापड आणायला त्या दुकानात गेले होते. गिऱ्हाइकांची गर्दी. तो मुलगा गादीवर बसला होता. मला बघून कापड मोजता मोजता मोठ्याने म्हणाला, "काकीजी, दरवाजा सोडू नका हं. आम्ही येऊन राह्यलो."

दुकानातल्या बायका वळून बघायला लागल्या. माझा घसा दाटला, पण शब्द निघाले.

"धरलाय," मी म्हणाले.

घरी आले, खण पेटीत ठेवला. मालकांचा ट्रक वाटेतच कुठेतरी होता. ओलं फडकं अंथरलं, पण रंगवायला नवं माणूस नव्हतं. म्हातारीच्या लुगड्याचा काठ एका जागी उडाला होता, तेवढा नीट केला आणि तिला पुन्हा खिडकीत ठेवलं, तोंड जिन्याकडे करून.