जजला घातलेली शाल

गणपतीच्या कार्यक्रमात स्टेजवर जजच्या खांद्यावर शाल पडली आणि शेजारी बसलेल्या सायलीने माझं मनगट घट्ट धरलं. शाल घालणारे वसंतकाका, आमच्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आणि सायलीच्या घटस्फोटित नवऱ्याचे, निखिलचे, सख्खे मामा. जज तोच, ज्याच्यासमोर तिची केस लागली होती. मी तिची वकील.

"ताई, संपलं. हा आता त्यांचा माणूस झाला."

मिशिगनमध्ये काउंटी कोर्टाचे जज निवडून येतात. हा आधी सरकारी वकील होता, मग रिकाम्या जागेवर गव्हर्नरने नेमला. दोन हजार चारमध्ये पहिल्यांदाच मतं मागायची वेळ आलेली. त्यामुळे चर्चच्या पॅनकेक ब्रेकफास्टपासून आमच्या गणपतीपर्यंत सगळीकडे हजेरी. आणि आपल्याकडे पाहुणा आला की शाल-श्रीफळ ठरलेलं. त्याच्यापुढे कुणाची केस चालू आहे, हे कोण बघतं?

वसंतकाकांनी बघितलं होतं. मोदक वाढता वाढता मला म्हणाले, "काय वकीलबाई, ओळख असलेली बरी." माझं डोकंच फिरलं.

मामला साधा होता. जुन्या ऑर्डरप्रमाणे नाताळच्या सुट्टीत निखिल मुलीला, ईराला, नागपूरला नेऊ शकत होता. मूल तिकडेच ठेवून घेतलं, तर इथल्या कोर्टाचा हुकूम तिथे आपोआप चालत नाही. म्हणून ती परवानगी काढून घ्या, असा आमचा अर्ज होता.

सुनावणीला जजने खुर्चीत बसताच सांगितलं, "एका कार्यक्रमात मला शाल आणि नारळ मिळाला. देणारे या मुलीच्या वडिलांचे मामा आहेत, हे मला नंतर कळलं. दोन्ही परत पाठवलंय. कुणाला दुसरा जज हवा असेल तर आत्ता सांगा."

याला रिक्यूजल म्हणतात, म्हणजे जजने केसमधून बाजूला होणं. पण मला ते बोलणं जरा जास्तच गोड वाटलं. निवडणुकीच्या तोंडावरच्या प्रामाणिकपणावर माझा चटकन विश्वास बसत नाही.

"काय करायचं, ताई?" सायलीने कानात विचारलं.

"दुसरा जज म्हणजे तारीख थेट नाताळनंतरची. तोवर ईरा विमानात बसलेली असेल. याच्यासमोरच चालवू. पण निखिलकडून सगळं रेकॉर्डवर वदवून घेते."

निखिल साक्षीला उभा राहिला.

"नोकरी चालू आहे?"

"सध्या... रिझाइन केलंय."

"अपार्टमेंटची लीज?"

"संपतेय. रिन्यू नाही केली."

"परत आल्यावर राहणार कुठे?"

तो मागे बसलेल्या मामांकडे बघायला लागला. जज मान वर न करता लिहीत होता. मग त्याने ऑर्डर दिली: मुलीचा पासपोर्ट कोर्टात जमा, भारताचा प्रवास बंद. सायली तिथेच रडायला लागली.

बाहेर वसंतकाका भेटले, तोंड एवढंसं झालेलं. "काय उपयोग झाला एवढा मान देऊन?"

मला राहवलं नाही. "काका, आता मत तरी त्यालाच देणार ना?"

"मी कुठलं मत देतोय? माझं नुसतं ग्रीन कार्ड, मत फक्त नागरिकांना. आणि मंडळातली निम्मी पोरं एच-वन व्हिसावर."

मी जागीच थांबले. हे त्या जजला कुणी आधी सांगितलं होतं का?

नोव्हेंबरमध्ये तो आरामात निवडून आला. सायली त्याला देवमाणूस म्हणते. असेलही. पण त्या हॉलमधले सगळे मतदार असते, तर ईरा आज कुठे असती, हा प्रश्न माझ्या डोक्यातून काही जात नाही. म्हणून अशिलांना सांगते, जज चांगला आहे असं धरून चाला, पण तो नसला तरी जिंकू एवढा पुरावा आणा.