एकाच छिन्नीची अक्षरं

इंग्रज साहेबाच्या तपासणीआधी दर वर्षी आमच्या शाळेची डागडुजी करणारा गवंडी दगडाला आधी पालथी बोटं लावायचा, तापानं फणफणलेल्या लेकराचं कपाळ बघावं तशी. "मास्तर, दगड झूठ नाही बोलत," हे तो दिवसातून दहादा म्हणायचा. त्याला अक्षर येत नव्हतं आणि मी संस्कृत शिकवायचो, याचा मला जरा तोराच होता.

जामा मशिदीचं कामही त्याच्याकडेच असे. एकदा तो मला तिथं घेऊन गेला. मी पायऱ्यांशी घुटमळलो.

"देवळात काढता तशीच चप्पल काढा न् चला," तो म्हणाला.

आत एका कमानीवर अरबी ओळी होत्या आणि त्यांच्याखाली चक्क संस्कृत! सृष्टी घडवणाऱ्याला नमस्कार, अशी सुरुवात. मी मोठ्यानं वाचत, अर्थ सांगत गेलो. तो शिडीवर चढून दोन्हींवरून पालथी बोटं फिरवत होता.

"छिन्नी एकच हाय, हे मले कधीचं ठाऊक होतं," तो म्हणाला. "लिहिलं काय, ते आज कळलं."

मला तर वाचता येत होतं. आणि बारा वर्षं मी त्याच मशिदीवरून रोज शाळेत जात होतो.