सासऱ्यांचा बेस, जावयाचा बेस

आमच्याकडे ‘बेस’ म्हणजे झकास. भाजी बेस झाली, पोरगी बेस शिकली. पण हिंगणघाटातल्या माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत येणारी तरणी पोरं बेस म्हणतात, तेव्हा त्यांना छातीत धडधडणारा खालचा नाद हवा असतो. या दोन बेसांची गाठ एकदा माझ्यासमोरच पडली, आणि मी खुर्ची मागे सरकवून मजेत तमाशा पाहत बसलो.

समुद्रपूरकडचे एक शेतकरी, भाजीपाला पिकवणारे. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी स्वतः मंगलाष्टक रचलं होतं. मांडवात म्हणायला गेलो तर रडूच फुटेल, म्हणून आधीच माझ्याकडे येऊन पेटीच्या साथीनं गाऊन ठेवलं. शेवटची ओळ खास जावयासाठी होती. तोंडावर सांगायला मुलीच्या बापाची जीभ रेटत नव्हती. गाण्यातून कानात गेली तर गेली.

जावई कापडदुकानदाराचा मुलगा, भारी हौशी. मंगलाष्टकाखाली वाजवायला त्यानं ढोल आणि बेस गिटारचा ठेका आणून दिला. दोघं शेजारी बसले.

“मामाजी, बेस पायजे नं?”

“हो बापू, बेसच पायजे! लेकीचं लगन हाय.”

“जोरदार?”

“एकदम!”

दोघांनी माझ्याकडे पाहून माना डोलावल्या. एवढं एकमत मी लग्नाच्या बैठकीत कधी पाहिलं नाही. मीही गंभीर चेहऱ्यानं “जशी आज्ञा” म्हणालो आणि जावयाच्या मापानं बेस चढवला. खिडकीची काच थरथरली. सासऱ्यांचा आवाज त्यात असा बुडाला, की शेवटची ओळ कधी आली, कधी गेली, कळलंच नाही.

“कसं वाटलं, मामाजी?”

“बेस हाय,” ते म्हणाले, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मुलीचा बाप दुसरं काय म्हणणार? माझी मजा तिथेच संपली.

दोघांना चहाला पिटाळलं. बेस सरसकट उतरवला असता तर जावई रुसला असता. म्हणून आधी तळातली गर्दी हटवली. सासऱ्यांच्या आवाजाखाली पंख्याची घरघर होती, पेटीही उगाच घुमत होती, दोन्ही छाटली. ढोल आणि गिटार एकाच जागेसाठी धक्काबुक्की करत होते. ढोलाला अगदी तळ दिला, गिटारला जरा वर बसवलं. मग यंत्राला आपली रीत शिकवली: सासरे बोलू लागले की गिटारनं मान खाली घालायची, ते श्वासाला थांबले की पुन्हा वर. आवाज बारीक करून ऐकलं, मोबाईलच्या टिचभर स्पीकरवर ऐकलं. शब्द स्पष्ट, आणि ठेकाही जिवंत.

दोघं परतले. पुन्हा लावलं.

“काका, बेस वाढवला काय तुम्ही?” जावई खूश. मी नुसता हसलो.

मग शेवटची ओळ आली: ‘मीठ कधी चुकले तरीही, हसून जेवा जावई.’

ठेक्यावर हलणारी त्याची मान थांबली. “मामाजी, हे माह्यासाठी हाय काय?”

सासरे खिडकीबाहेर पाहत होते. “गाणं हाय, बापू. ज्याले लागू पडलं, त्याचं.”

“तिले सैपाक येत नाई काय?”

“येते नं. मीठ तेवढं इसरते. मायवर गेली.”

जावई माझ्याकडे वळला. “काका, एवढी एक ओळ बारीक नाई होणार?”

“नाई,” सासरे म्हणाले. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मला हुकूम सोडला, “भाऊ, उलट वाढवजो.”